पुस्तक न उघडणारे गुरुजी

हे मी आजवर कोणाजवळ बोललो नाही. बायकोजवळ नाही, मुलांजवळ नाही. जिच्याजवळ बोलायला हवं होतं ती माझी ताई गेल्या उन्हाळ्यात वारली, आणि तिच्याजवळ तर मी उलटंच बोलत आलो — वर्षानुवर्षं. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगतो. ओळखीच्या माणसापुढे तोंड उघडायची हिंमत असती तर हे लिहायची पाळी आली असती का?

सावकाश सांगतो. मला लिहायला वेळ लागतो. का लागतो, ते यात येईलच.

उत्तर नागपुरातल्या आमच्या वस्तीत कोणालाही विचारा — पुस्तक न उघडणारे गुरुजी कुठे राहतात? लहान पोरगंसुद्धा घर दाखवेल. महानगरपालिकेच्या शाळेत मी पाचवीला शिकवत आलो आणि वर्गात कधी पुस्तक हातात घेतलं नाही. धडा असो, कविता असो, इतिहास असो, मी रांगांमधून फिरत तोंडी शिकवायचो. स्वल्पविराम चुकत नसे. पोरांनी मोठ्यानं वाचायचं, मी डोळे मिटून ऐकायचं, आणि चूक झाली की तिथल्या तिथं टोकायचं. पाट्या तपासायच्या तर पोरं आपसात बदलून तपासत. साहेब लोक तपासणीला आले की म्हणत, बघा, मुलांनाच शिकायला लावतात हे, किती नवी पद्धत. मी नम्रपणे मान खाली घालायचो. अभिमान वाटायचा मला. खोटं काय सांगू, आजही त्या आठवणीनं छाती थोडी फुगतेच.

पण पद्धत कसली? मला वाचता येत नव्हतं.

अगदीच येत नव्हतं असं नाही. एकेक शब्द उचलून, चाचपून, चिखलातून चालल्यासारखा मी ओळ पार करतो. अक्षरं माझ्यापुढे उभी राहत नाहीत. काना शेजारच्या घरी जातो, वेलांटी फिरते, जोडाक्षराचा तर गुंता होतो. एका पानाला मला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात दुसरा माणूस धडा संपवून जेवून येईल. याला डॉक्टर लोकांत नाव आहे, आणि असं असलेला माणूस बुद्धीनं कमी नसतो, हे मला पुष्कळ उशिरा, शिक्षकांच्या एका शिबिरात कळलं. तेव्हा बाकीचे मास्तर जांभया देत होते. मला घाम फुटला होता.

मग बी.ए. कसा झालो? ताईमुळे.

ताई सातवी शिकलेली. लग्न झालं, वर्षात नवरा गेला, परत आली आणि बिड्या वळायला बसली. मांडीवर सूप, सुपात तेंदूची पानं, आणि समोर पाण्याच्या पितळी गुंडाला टेकवलेलं माझं पुस्तक. हात बिडी वळत, तोंड वाचत. पान उलटायचं काम माझं. शाळेपासून कॉलेजपर्यंतचं सगळं मी असं कानानं शिकलो. इंग्रजी ती अक्षर जोडून वाचायची. नाइफला कनाइफ म्हणायची, आणि मी कॉलेजात कनाइफ म्हणून हसं करून घेतलं होतं. घरी येऊन तिच्यावर चिडलो तर म्हणाली, "मी सातवी हावो गा, दौलत. तुले वाचून द्याले काय विलायतेची मेम आनू?"

लिहायलाही तिनंच शिकवलं. बिडी बांधायच्या दोऱ्यानं ती सुपात अक्षर मांडायची आणि मला डोळे मिटायला लावायची. बोट फिरव, म्हणायची. बोटाखाली अक्षर हालत नसे. डोळ्यांपुढे नाचणारं ते अक्षर बोटाखाली मात्र मुकाट्यानं पडून राहायचं. तसा मी लिहायला शिकलो. शुद्धलेखनाची माती, पण उत्तर कानात तयार असायचं आणि हात त्याच्या मागून जायचा. थर्ड क्लास मिळाला. वस्तीतला पहिला ग्रॅज्युएट. बुद्धविहारात माझ्या गळ्यात हार घातला, म्हाताऱ्या बायांनी गालावरून हात फिरवून बोटं मोडली. माझा बाप गिरणीत हमाल होता. तो त्या दिवशी सतरंजीवर मागं बसून नुसता रडत होता.

आणि दुसऱ्या दिवसापासून वस्तीतले लोक कागद घेऊन यायला लागले. कोणाची कोर्टाची नोटीस, कोणाचं राशनचं, कोणाचं गिरणीतून आलेलं. बी.ए. झालेला आपला माणूस असताना दुसऱ्याकडे कशाला जायचं? मी म्हणायचो, ठेवून जा, निवांत पाहतो. ते गेले की ताई वाचायची. संध्याकाळी मी समजावून सांगायचो. लोक म्हणत, दौलतचं बरं आहे, घाईत काही बोलत नाही.

आता तुम्हीच सांगा, अशा माणसानं खरं कधी आणि कोणाला सांगायचं?

नाही. हा प्रश्न मी मागे घेतो. याचं उत्तर मला माहीत आहे. कधी सांगायचं होतं तो दिवस मला माहीत आहे.

बहात्तर-त्र्याहत्तरचं साल असेल. माझ्या वर्गात सुजाता नावाची पोरगी होती, आमच्याच वस्तीतली. पाचवीत एकदा नापास होऊन पुन्हा बसलेली. तिची आई संत्रा बाजारात फळं निवडायची, डागी वेगळी, चांगली वेगळी. पोरगी अंगानं किरकोळ, पण बोलायला लागली की थांबत नसे. एकदा ऐकलेली गोष्ट जशीच्या तशी सांगायची, वर स्वतःचं तिखटमीठ. मधल्या सुट्टीत सगळ्या पोट्ट्या तिच्याभोवती.

एकदा तिला वाचायला उभं केलं. तिनं पुस्तक नीट धरलं, ओळीवर बोट ठेवलं आणि धडा घडाघडा म्हणाली. एक शब्द चुकला नाही. वर्गात कोणाला काही कळलं नाही. मला कळलं. मी उठून तिच्यामागे जाऊन उभा राहिलो होतो. बोट आणि आवाज यांची चाल जुळत नव्हती. वाक्य संपायचं आणि बोट अजून ओळीच्या मध्येच. ती वाचत नव्हती, पाठ म्हणत होती. ही चोरी पकडायला चोरच लागतो.

घरी येऊन ताईला सांगितलं. आधी ती हसली. म्हणाली, "भेटली म्हना बीए साहेबाले जोडीदारीन." मग हसणं थांबवून तिनं टोपलीतून दोऱ्याचं एक नवं रीळ काढून माझ्या हातात ठेवली. पोरीला शिकव म्हणाली, जसं मी तुला शिकवलं तसं. पण तुला हे कसं माहीत, ते मात्र कोणाला सांगू नको, नोकरी जाईल. ताई असंही म्हणाली होती, हे मी मुद्दाम लिहितो आहे. ती माझ्यासाठी घाबरली होती. पण तिनं दोरा आधी दिला होता आणि भीती नंतर सांगितली होती. मी भीती घेतली.

लगेच नाही. आधी मधल्या सुट्टीत मी तिला रिकाम्या वर्गात बसवायला लागलो. टेबलावर दोऱ्यानं अक्षर मांडायचं, तिनं डोळे मिटून बोट फिरवायचं. रोज एकच शब्द. घर. झाड. चूल. तिचा शब्द तिनंच निवडायचा — ताईचा तोच नियम होता, शिकणाऱ्याला हवा तो शब्द. सुजातानं एके दिवशी "संत्रं" मागितलं. जोडाक्षर, वर अनुस्वार. मी म्हणालो, अवघड आहे वं. ती म्हणाली, आई दिवसभर तेच निवडते, मग मी काहून नाही? दोन सुट्ट्या गेल्या, पण बोटाला सापडलं. डोळे उघडून तिनं पाटीवर लिहिलं. थोडं वाकडं, पण बरोबर. तिचा चेहरा मी सांगत नाही. मला तो सांगायचा हक्क नाही.

त्याच दिवशी तिनं विचारलं. आवाज हळू होता. चिडवणं त्यात अजिबात नव्हतं, उलट आनंदच होता, परक्या गावात आपल्या गावचं माणूस भेटावं तसा.

"गुरुजी, तुमचीबी अक्षरं हालतात ना?"

मी म्हणालो, कोणी सांगितलं तुला?

"कोनी नाई. तुमी फळ्यावर लिहाच्या आधी डोळे मिटून बोट हालवता."

इतकी वर्षं हेडमास्तर, साहेब, सोबतचे मास्तर, कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. मी दोरा गोळा केला, टेबलाच्या खणात टाकला आणि तिला म्हणालो, जा, जागेवर बस. उद्या येऊ का, तिनं विचारलं. मी फळा पुसायला वळलो. दुसऱ्या दिवशी सुट्टीत ती येऊन टेबलाशी उभी राहिली. मी पोरांच्या पाट्या चाळत बसलो, जणू त्या मला वाचता येत होत्या. ती बराच वेळ उभी होती.

इथवर भ्याडपणा म्हणता येईल. पुढचं काय म्हणायचं ते तुम्ही ठरवा.

त्या वर्षी अमरावतीहून नव्या हेडबाई आल्या होत्या. करड्या स्वभावाच्या, पण पोरांसाठी जीव टाकणाऱ्या. प्रत्येक पोराची शिकायची वाट वेगळी, असं त्यांचं म्हणणं. जे लिहिण्यात अडतात पण ज्यांना समजतं, त्यांची तोंडी परीक्षा घेऊन त्यांना वर ढकलायचं असं त्यांनी ठरवलं, आणि त्यासाठी वरच्या ऑफिसशी भांडून आल्या. सुजाता पुन्हा नापास होणार हे दिसतच होतं. बाईंनी तिला, तिच्या आईला आणि मला खोलीत बोलावलं. आई कामावरून तशीच आली होती. हातांना सालीचा वास होता, तिनं ते पदराखाली लपवले होते.

बाई म्हणाल्या, "गुरुजी, तुम्ही स्वतः सगळं तोंडी शिकवता. तुमच्याइतकं हे कोणाला कळणार नाही. हिला समजतं का? तुम्ही हो म्हटलं तर मी हिला सहावीत घेते."

एक शब्द होता. हो. तो वाचायचाही नव्हता, लिहायचाही नव्हता.

माझ्या डोक्यात काय चाललं होतं सांगू? मी हो म्हणालो की बाई विचारणार, कशावरून? मग दोरा. मग दोरा कोणी शिकवला. मग डोळे का मिटता. पोरगी बोलकी, सहावीत जाईल, तिथंही बोलेल. विहारातला हार आठवला. बाप आठवला. आणि मी म्हणालो,

"नाही बाई. पोपटासारखं बोलते, समजत काही नाही. डोकंच नाही तिला."

बाईंनी पेन खाली ठेवलं. त्यांना पटलं नव्हतं, त्या पुन्हा विचारणार होत्या, मला दिसत होतं. पण सुजाताची आईच बोलली. "राहू द्या बाई. गुरुजी आपल्यातले हायेत. ते खोटं काहून सांगतीन?"

सुजाता माझ्याकडे बघत होती. तिच्याजवळ सगळं होतं. एक वाक्य बोलली असती तर माझं सगळं उघडं पडलं असतं. खण उघडायला लावला असता तर रीळ निघालं असतं. ती बोलली नाही. वर्गात जिचं तोंड मिटत नसे, ती पोरगी माझं झाकून गप्प उभी राहिली. मग आईनं तिचा हात धरला आणि दोघी गेल्या.

तिचं नाव कमी झालं. आईबरोबर ती बाजारात जायला लागली.

हेही सगळं नाही.

मार्चनंतर आमची शाळा सकाळची भरायची. माझ्या वर्गाला बोळाच्या बाजूला एक खिडकी होती. एके दिवशी कविता शिकवताना मला वाटलं, वर्गात एक आवाज जास्त आहे. मी ओळ म्हणायचो, पोरं म्हणायची, आणि पोरांच्या मागून आणखी कोणीतरी म्हणायचं. फिरत फिरत खिडकीजवळ गेलो. खाली बोळात, भिंतीला पाठ लावून सुजाता उभी होती, डोक्यावर रिकामी टोपली. बाजारातून घरी जाता जाता थांबली असेल. डोळे मिटून ऐकत होती. कानानं शिकणाऱ्या माणसाला आणखी काय लागतं? आवाज लागतो. तो तर फुकट बाहेर जात होता. माझं त्यात काही जात नव्हतं.

मी खिडकी बंद केली. कडी लावली. पोरांना म्हणालो, ऊन येतं.

ती खिडकी उत्तरेची होती.  पुढे उन्हाळाभर वर्गात भट्टी झाली, घामानं पाट्या ओल्या व्हायच्या, पण मी ती उघडू दिली नाही. सुजाता दुसऱ्या दिवशी पुन्हा आली होती का? मला माहीत नाही. खिडकी बंद होती.

आणि ताई? ताई रोज विचारायची, पोरगी शिकून राहिली का? मी म्हणालो, हो. जूनमध्ये विचारलं, म्हणालो, सहावीत गेली. एकदा बोललेलं मग वाढवावंच लागतं. दर जूनला मी तिला एकेक वर्ग वर चढवत गेलो. सातवी. हायस्कूल. मॅट्रिक झाली असं सांगितलं त्या दिवशी ताईनं वळलेल्या बिड्या बाजूला ठेवल्या, जाऊन पेढे आणले आणि शेजारीपाजारी वाटले. कोणी विचारलं कशाचे, तर म्हणाली, आहे माझी एक पोरगी. मला पेढा भरवताना म्हणाली, "तुह्यापेक्षा हुशार निंगाली गा." मी पेढा खाल्ला. नंतर तिला मी मास्तरीणही केलं. मौद्याला बदली झाली म्हणालो — म्हणजे भेटायला घेऊन ये असं ताई म्हणणार नाही.

खरी सुजाता मला एकदा दिसली. संत्रा बाजारात गेलो होतो, ती निवडायला बसली होती, मांडीवर लेकरू. ओळखून उठली, गुरुजी बरे आहात का म्हणाली. तेवढ्यात अडत्यानं तिच्याकडे एक चिठ्ठी टाकली, कोणाचा माल कुठे द्यायचा ते लिहिलेली. तिनं सवयीनं ती माझ्यापुढे धरली. शिकलेला माणूस समोर असला की सगळे धरतात तशी. मग थबकली. हात मागे घेतला, म्हणाली, राहू द्या गुरुजी, आणि चिठ्ठी शेजारच्या हमालाकडून वाचून घेतली. तेवढ्या गर्दीतही तिनं मला सांभाळलं. मी संत्री घेऊन घरी आलो.

शेवटची दोन-तीन वर्षं ताईला दिसेनासं झालं. मोतीबिंदू पिकला, ऑपरेशन बिघडलं. बिड्या ती सवयीनं वळायची, पण वाचणं गेलं. जन्मभर दुसऱ्यासाठी वाचलेली बाई. तिला विहारातल्या पुस्तकांची गोडी होती. एका दुपारी अंथरुणावरून म्हणाली, "त्या पोरीले बोलाव ना एकडाव. मले वाचून दाखवन ती. तिची उधारी आहे माह्यावर का माह्यी तिच्यावर, काय माहीत."

मी म्हणालो, सुट्टी मिळत नाही तिला.

"मंग तू वाच गा."

मी पुस्तक आणलं. तिच्याजवळ बसलो, उघडलं, आणि वाचायला लागलो — म्हणजे म्हणायला लागलो. माझ्या अभ्यासाबरोबर हेही पुस्तक तिनं मला पाण्याच्या गुंडाला टेकवून वाचून दिलं होतं, ते कानात तसंच होतं. मी म्हणत गेलो. ती डोळे मिटून ऐकत होती. बऱ्याच वेळानं डोळे न उघडताच म्हणाली,

"पान तं उलट, दौलत. आवाज नाई आला तं लोकाइले समजते."

मी पान उलटलं. पुढे म्हणत राहिलो. त्यानंतर थोड्याच दिवसांत ती गेली. सुजाता मौद्याला मास्तरीण आहे, हे धरून गेली.

आता माझं गुपित माहीत असलेलं माणूस माझ्या घरात उरलं नाही. बायकोला वाटतं माझे डोळे कच्चे. हे मी स्वतः लिहिलं आहे, रोज थोडं थोडं, डोळे मिटून, टेबलावर बोट फिरवून. खणात शाळेतून आणलेलं ते रीळ आहे. दोरा तसाच आहे.

सुजाता मास्तरीण नाही. ती मौद्याला नाही, संत्रा बाजारात बसते. तिला समजत होतं. मी शिकवलेल्या पोरांत तिच्याइतकं कोणाला समजत नव्हतं. त्या खिडकीतून ऊन येत नव्हतं.